ताईचा जंतू

— नाही मॅडम, बाटली नाहीये. बाटली द्यायला आलोच नाही मी. हे बघा — एक हात रिकामा, दुसऱ्याला प्लास्टर. मी बघायला आलोय. जंतू. हो हो, बरोबर ऐकलंत, जंतूच. हसा, हसलात तरी चालेल, बाहेरचा वॉचमन पण हसला — कुणाला भेटायचंय म्हणाला, मी म्हटलं जंतूला, तर म्हणतो भेटायची वेळ चारनंतर. आता चारपर्यंत थांबलो असतो हो, पण वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या की जंतू वाढवायच्या जुन्या बश्या तुम्ही आज दुपारी त्या मोठ्या कुकरमध्ये टाकता — कुकर म्हणजे ते तुमचं वाफेचं मशीन — आणि एकदा टाकल्या की आत काही जिवंत राहत नाही. म्हणून धावत आलो, जिन्यावरून. लिफ्टपाशी दम निघत नाही मला. तर माझ्या बहिणीची बशी आहे तुमच्याकडे. म्हणजे बशी तुमची, आतला जंतू तिचा. वरच्या वॉर्डात होती ती. गेली. — नाही, घरी नाही. गेली. हो, तशी. असू द्या, असू द्या, तुम्हाला कसं माहीत असणार? इथे लॅबमध्ये बाटली येते, माणूस नाही येत. मी बसतो जरा या स्टुलावर. उभं राहून बोललो की आवाज चढतो माझा आणि लोकांना वाटतं भांडतोय.

तुम्हाला मी आठवत नसेन. रोज इतक्या बाटल्या, त्यामागची थोबाडं कोण लक्षात ठेवणार? पण तिच्या लघवीची बाटली मीच आणली होती या खिडकीत — वर्तमानपत्रात गुंडाळून, वर पिशवी, पिशवीवर रुमाल — आणि तुम्ही म्हणालात, अहो, हे काय बांधून आणलंय, सोडा ते, नंबर दिसत नाही. भर रांगेत! मी असा लाल झालो ना — आता मी कोण? साईटवरचा गडी. काँक्रीटच्या गाडीवाल्याला दोन मजल्यांवरून शिव्या घालणारा माणूस, आणि एवढ्याशा बाटलीपायी तोंड लपवतोय. मग इकडेतिकडे बघितलं तर सगळे तसेच. एक आजोबा तर चष्म्याच्या डबीत घालून आले होते. सगळ्या जगाला होते ती गोष्ट, आणि सगळं जग चोरीचा माल आणल्यासारखं उभं. तेव्हा जरा बरं वाटलं मला. वर जाऊन ताईला सांगितलं पण — ताई, खाली एक आजोबा — ती हसली. तापात होती तरी हसली.

आता तुम्ही विचाराल — विचारत नाही आहात, पण डोळ्यांत दिसतंय — की जंतू बघून तू करणार काय? खरं सांगू? घरून निघालो तेव्हा बेत असा होता की त्याला बघून घ्यायचं. लोक म्हणतात ना, थांब, बघून घेतो तुला, तसं. साईटवर मला पेट्रोल म्हणतात. माझं खरं नाव विचारलंत तर कुणी सांगणार नाही, पेट्रोल कुठंय विचारा, लगेच बोट दाखवतील. काडी लावावी लागत नाही, जवळून कुणी विडी ओढत गेला तरी पेटतो. तर हा पेट्रोल निघाला — कुणाशी भांडायला? जो डोळ्यांना दिसत पण नाही त्याच्याशी. बसमध्ये मनातल्या मनात चाललंय, ये समोर, मर्द असशील तर ये — आणि शेजारच्या बाईंनी पिशवी उचलली आणि पुढे जाऊन उभ्या राहिल्या. जागा सोडून उभ्या! म्हणजे मनातल्या मनात नव्हतं ते. मी मोठ्यानं जंतूला मर्द म्हणत होतो. आता बोला. सातवीत शाळा सुटली माझी, पण एवढं मला पण कळतं की जंतूला कॉलर नसते. डोक्याला कळतं हो, हाताला कुणी सांगायचं?

ती क्रेन चालवायची. टॉवर क्रेन — बांधकामावर असते ती, उंचच उंच, वर आडवा दांडा. हो, बाई. भुवया सगळेच वर करतात, तुम्ही पण करा. वर काचेची केबिन असते, एका माणसापुरती, शिडीनं जायचं, आणि एकदा चढलं की चढलं. मी खाली. मी सिग्नलवाला — हात दाखवायचा, वॉकीवर बोलायचं. उचल, थांब, डावीकडे, हळू, अजून हळू, टेकव. त्याला शाळा लागत नाही, नजर लागते. माझ्या हाताच्या इशाऱ्यावर माझी मोठी बहीण चालायची — जगात एवढी एकच जागा. घरी उलटं. घरी ती नुसती भुवई हलवायची आणि मी उठून पाणी भरायला जायचो. वॉकीवर गप्पा मारायच्या नाहीत असा नियम, सगळी साईट ऐकते, तरी ही मध्येच — ‘टोपी सरळ कर, माकडा.’ सगळ्यांच्या कानात! त्या दिवसापासून साईटवर दोन नावं झाली माझी. पेट्रोल आणि माकड. एकत्र हाक मारली की काय प्राणी तयार होतो विचार करा.

तर वर — तुम्हाला सांगायला काय लाजायचं, तुम्ही दिवसभर हेच हाताळता — वर सोय नाही. पलीकडच्या क्रेनवर पुरुष, त्यांचं भागतं बाटलीवर. हिचं काय? खाली यायचं म्हणजे हुक रिकामा करायचा, एवढी शिडी उतरायची, परत चढायची, तोवर काँक्रीटच्या गाड्या गेटपर्यंत रांगेत आणि सुपरवायझर मनगटावरचं घड्याळ दाखवतोय. सुपरवायझर वाईट नव्हता, म्हणायचा उतरा, उतरा, पण म्हणताना घड्याळ दाखवायचा. ही म्हणायची, माझ्या एकटीच्या पायी मी लोकांना खोळंबवणार नाही. मग हिनं उपाय काढला. पाणीच प्यायचं नाही. डबा न्यायची, पाणी नाही न्यायची. सकाळी नुसते ओठ ओले केल्यासारखं करायची. आई ओरडायची तर म्हणायची, अगं वर ढग असतात, तहान लागली की जीभ बाहेर काढते. आम्ही सगळे हसायचो. चांगला विनोद होता हो, अजूनही चांगला आहे, हसायला मात्र येत नाही. मधून मधून जळजळ व्हायची तिला, मग मेडिकलमधून गोळ्या, दोन गोळ्यांत बरं वाटलं की उरलेल्या पर्समध्ये. पुढच्या वेळी त्याच. तिला वाटायचं काटकसर केली. डॉक्टर म्हणाले, ही काटकसर जंतूच्या कामी येते — तो त्या गोळ्यांना सरावतो. सरावतो! आमच्याकडे नवीन गडी हेल्मेटचा पट्टा बांधायला सरावत नाही आणि हा डोळ्यांना न दिसणारा, हा औषधाला सरावतो.

मग एक दिवस वॉकीवर आवाज आला, ‘मी उतरतेय.’ मी म्हटलं, का, वारा सुटलाय का? तर म्हणाली, ‘नाही, थंडी वाजतेय.’ आणि मॅडम, ऊन असं की सळया हातात धरवत नव्हत्या. खाली आली तेव्हा दात वाजत होते आणि इथे, पाठीत, बरगडीच्या खाली हात दाबून धरलेला. इथे आणलं. डॉक्टर म्हणाले, खालून वर चढलंय, किडनीपर्यंत गेलंय. लगेच इंजेक्शन चालू केलं. मी नाही हो डॉक्टरांना बोल लावत. त्यांनी मला बाजूला बसवून समजावलं — खालच्या लॅबमध्ये आधी जंतू वाढू द्यावा लागतो, वाढला की त्याच्यावर एकेक औषध लावून बघायचं, त्याला वेळ लागतो, आणि तोवर हातावर हात ठेवून बसता येत नाही, म्हणून अंदाजानं सुरू करायचं. बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघतो. तुमचा रिपोर्ट आला तेव्हा कळलं, आमचा नाही निघाला. पहिलं इंजेक्शन त्याला लागूच पडत नव्हतं. बदललं त्यांनी, लगेच बदललं. पण तोवर हा रक्तात उतरला होता. सगळं नीटच केलं सगळ्यांनी. तेच तर होतंय मला — कुणाला मारायचं तेच कळत नाही.

— आणलीत? हीच?

एवढीशी? अहो, ही तर पावडरच्या डब्याच्या झाकणाएवढी आहे. नाही नाही, हात नाही लावत, काचेच्या अलीकडेच आहे मी, हात मागे बांधतो — एक बांधता येत नाही, पण समजून घ्या. मला वाटलं होतं काळं काहीतरी असेल. पाय असतील. हे तर साय धरल्यासारखं दिसतंय, पुसट. भिंतीला चुन्याचा पहिला हात मारला की दिसते ना, तसं. आणि या पांढऱ्या टिकल्या? कागदाच्या? हां, म्हणजे एकेका टिकलीत एकेक औषध. बरं. आणि ज्या औषधाला तो भितो, त्या टिकलीभोवती गोल रिकामी जागा राहते. — थांबा, हे कळलं मला! हे नका समजावू. क्रेनखाली हेच असतं. लोड जिथून फिरतो त्या गोलात कुणी उभं राहायचं नाही, आम्ही जमिनीवर पांढरी रेघ मारून ठेवतो. म्हणजे औषधानं रेघ मारलीय, आत यायचं नाही म्हणून. बरोबर ना? मग हिला गोल नाही. हिला पण नाही. आणि इथे तर — अहो, हा तर टिकलीला पाठ टेकून बसलाय! नो पार्किंगच्या पाटीला लोक स्कूटर टेकवून ठेवतात तसा. यातलं पहिल्या दिवशीचं इंजेक्शन कुठलं? ही टिकली. हं. पाठ टेकून. आणि मेडिकलच्या गोळ्या? ही. हिला पण. आणि ही शेवटची, हिच्याभोवती केवढं मैदान मोकळं! हे तेच ना, बदलून दिलेलं? म्हणजे घाबरतो. मेला घाबरतो तर! नुसता वेळेवर समोर यायला पाहिजे होता त्याच्या कुणीतरी. पण समोर कोण यायचं ते कळायलाच ही बशी लागते, आणि बशीला वेळ लागतो. गंमतच आहे. म्हणजे गंमत नाही.

आता हा जिवंत आहे? या घडीला? फ्रीजमध्ये होता म्हणून नुसता गारठून पडलाय. बरं. — मॅडम, राग येत नाहीये मला. हे काय चाललंय? बसभर शिव्या देत आलो, बाईंची जागा घालवली, आणि आता समोर ठेवलाय तर राग येईना. तिच्या अंगातून आलेलं, जिवंत असं, आता एवढंच उरलंय ना? बाकी सगळं — नाही, मला कळतंय मी काय बोलतोय ते. सख्खा भाऊ बहिणीच्या जंतूसमोर बसून नाक पुसतोय. साईटवर कळलं तर पेट्रोलचं रॉकेल करतील.

हे? प्लास्टर? काही नाही, दाराला लागलं. — दाराला लागलं म्हणजे काकांना मारायला गेलो, काका वाकले, मागे दार होतं. साठीचा माणूस, उठताना गुडघे धरतो, आणि काय वाकले हो! आयुष्यात पहिल्यांदा नीट नेम धरला होता मी. कशावरून काय, सोडा, घरचं आहे. — काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वडील नाहीत आम्हाला, म्हणून घरात शब्द काकांचा. ताई गेल्यावर माणसं जमली, काका मधल्या खुर्चीत बसले, आवाज खाली घेतला — म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच खाली — आणि म्हणाले, ‘शंभर गडी आणि त्यांत ही एकटी. असल्या जागेचे रोग मग असेच येतात.’ एवढंच. पुढे काही नाही. पुढे बोलावं लागतच नाही ना! बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, एकीनं तोंडाला लावलेला पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. मी रिपोर्ट काढला खिशातून, तुमचाच, आणि नाचवला — हे बघा, इथे लिहिलंय! काका म्हणाले, काय लिहिलंय? आता मला कुठे वाचता येतो तो? नाव तेवढं लावून लावून वाचलं, ई कोलाय. आधी इनिशियल आणि मग नाव, शाळेतल्या हजेरीसारखं. काका म्हणाले, बरं, पण म्हणजे काय? मी म्हटलं, म्हणजे — म्हणजे — आणि पुढे शब्दच नाही. काका म्हणाले, अरे, घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून दवाखान्यात काहीही लिहून देतात. आणि मग दार. शब्द असता माझ्याकडे तर हात मोडला नसता मॅडम. सातवीनंतर शिकलो असतो तर हाड वाचलं असतं.

काकांचं सोडा. काका काय, उद्या दुसऱ्या कुणाबद्दल बोलतील. पण आई — आई त्या दिवशी तोंडातून शब्द काढत नव्हती, मला वाटलं दुःखानं. दुसऱ्या दिवशी उठलो तर आई न्हाणीघरात ताईची चादर धूत होती. एकटी चादर. बाकीचे कपडे लांब ढकललेले, हिला वेगळी बादली, कढत पाणी, वरून फिनेल. फिनेल! फरशीला वापरतो ते. हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या तिनं. आणि ताईचा पेला, पहिल्या पगारातून आणलेला, तो मांडणीवरून निघून खिडकीत. मी म्हटलं, आई, हा इथे का गं? तर माझ्याकडे न बघता म्हणाली, राहू दे तिथेच. मी ओळखलं. तिनं काकांचं धरलं होतं. कुणाला काही विचारलं नाही हो तिनं — मला नाही, डॉक्टरांना नाही, सिस्टरना नाही. विचारलं असतं तर कुणीतरी नाही म्हणालं असतं ना! पण विचारायचं म्हणजे तोंडानं म्हणायचं, आणि लेकीबद्दल तोंडानं कसं म्हणायचं? म्हणून न विचारताच मान्य करून टाकलं. रोज रडते, आणि रडून झालं की हात धुते. साबणानं. दोनदोनदा.

आणि मी? मी मोठा शहाणा, काकांवर हात उचलणारा. मी काय केलं विचारा. ताईचा मोबाईल उघडला. गाणी ऐकायला. — नाही, गाणी ऐकायला नाही. तुमच्यापुढे कशाला खोटं बोला, तुम्ही माणसाच्या आतलं बाहेर काढून वाढवून बघता. नावं बघायला उघडला. फोन कुणाचे यायचे, मेसेज कुणाचे. संडासात कडी लावून बसलो आणि बहिणीचा मोबाईल चाळला, हा असा, डाव्या हाताच्या अंगठ्यानं, कारण उजवा तिच्या अब्रूपायी मोडून घेतला होता. काय माणूस आहे बघा! एक हात तिच्या बाजूनं आणि दुसरा तिच्या विरुद्ध. काय सापडलं? सुपरवायझर — उद्या वारा आहे, उशिरा या. आई — येताना भाजी आण. दुकानदार — बूट आलेत तुमच्या मापाचे. आणि फोटो. ढग, ढग, एक घार, परत ढग, आणि मध्ये मध्ये एक पिवळा ठिपका. आधी कळेना काय आहे. मोठा करून बघितला तर माझी टोपी. वरून काढलेला. मी हात वर करून उभा, लोडची वाट बघत. एवढा. तुमच्या बशीत सुद्धा सापडणार नाही एवढा. कितीतरी फोटो होते तसले. टोपी कधी सरळ, कधी वाकडी. मी इकडे तिच्यात काय सापडतंय ते शोधतोय, आणि ती तिकडे वर बसून — धुळीचं होतं डोळ्यांना असं. इथे धूळ नसते म्हणा. लॅब आहे.

तर आता विचारतो. बहुतेक हेच विचारायला आलो होतो, ते जंतूला बघून घेतो वगैरे सगळं नुसता धूर. मॅडम, हा — हा तसला नाही ना? तसला म्हणजे... पुरुषाकडून येतो तसला. खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका, दवाखान्यात असं काहीही सांगतात म्हणून काकांनी ते आधीच बिघडवून ठेवलंय. असला तरी ती माझी ताईच आहे. असला तरी मी काकांना परत मारणार, दुसरा हात आहे अजून. पण मला कळलं पाहिजे.

पोटातला? कुणाच्या पोटातला? — तिच्याच. आतड्यातला. तिथे राहतोच तो. जन्मलं की थोड्याच दिवसांत येऊन राहतो, आणि तिथे आहे तोवर कुणाला काही त्रास नाही. बरं. शेजारच्या वाटेनं लघवीच्या जागी गेला की मग सगळं. आणि बायकांची ती वाट आखूड, लगेच पोचतो. आणि भरपूर पाणी प्यायलं, वेळच्या वेळी गेलं, तर वाहून जातो बाहेर. नाही गेलं तर बसतो तिथेच आणि वाढतो, आणि वर चढतो. — म्हणजे ती एकटीच राहिली असती कुठे, कुणाचं तोंड न बघता, तरी झालं असतं? तरी. लहान पोरींना पण होतं? आज्यांना पण? मग तर — थांबा. मग हा सगळ्यांच्या पोटात आहे? तुमच्या? माझ्या? काकांच्या? — काकांच्या पण! परत म्हणा ना मॅडम, एकदा. इतका निगरगट्ट नसेल, पण घराणं तेच! म्हणजे काका या घडीला आमच्या मधल्या खुर्चीत पाय हलवत बसलेत आणि आत याचे चुलतभाऊ नांदतायत! असल्या जागेचा रोग म्हणे — अहो, ती जागा घेऊनच तर फिरतोय प्रत्येकजण! मी हसत नाहीये. हसतोय. एक मिनिट द्या मला. पाणी आहे का हो? — हो, पितो. सगळं पितो.

ही बशी द्या ना मला. झाकण चिकटवून, पिशवीत घालून, आईला दाखवतो आणि परत आणतो. — नाही, बरोबर, नाही देता येत, बसमधून असली बशी नेणारा मी एकटाच निघालो असतो. फोटो? फोटो काढून तरी काय, काका म्हणतील पावडरच्या डब्याचं झाकण आहे. नका देऊ. टाका ती कुकरमध्ये. मघाशी नको वाटत होतं, आता टाका. याचं घराणं माझ्या आत आहेच की, कुठे जातंय. पण मॅडम, मग तुम्ही बोलाल का? आईशी. फोनवर. मी सांगायला लागलो की ती आधी माझ्या हाताकडे बघते आणि मग दाराकडे. मी सांगितलेलं ती ऐकून घेईल, धरणार नाही. तुम्ही मला जे सांगितलंत तेच, त्याच शब्दांत, इंग्रजी नको. जेवायची वेळ झालीय तुमची, माहितेय, डबा दिसतोय मागे. दोन मिनिटं. लावू?

हॅलो. आई, मी. — नाही, भांडलो नाही कुणाशी. — अगं खरंच नाही, आईशपथ. म्हणजे तुझीच शपथ. — दवाखान्यात. मला काही झालं नाही. ऐक आधी. इथे लॅबच्या मॅडम आहेत, ताईचं तपासलं ना, त्या. त्यांच्याशी बोल. त्यांना विचार. — काय विचारू म्हणजे? जे तू कुणालाच विचारलं नाहीस ते. — आई. — आई, बघितलं मी सगळं. न्हाणीघरातलं पण. — नाही गं, रागावलो नाही. मी पण तेच केलं, तुझ्यापेक्षा वाईट केलं, घरी आल्यावर सांगतो. तू फक्त विचार. रडत विचारलंस तरी त्यांना कळेल. — काका आहेत का तिथे? असू देत. नाही, उठवू नकोस त्यांना, बसू दे तिथेच.

घ्या मॅडम. हातमोजा काढलात? घ्या. आधी ती गप्प राहील, वाटेल की फोन कट झाला, कट झालेला नसतो, थांबा. मग विचारेल. पोटातला आहे म्हणा. सगळ्यांच्याच पोटात असतो म्हणा. पाणी पीत नव्हती म्हणून, एवढंच, दुसरं काही नाही म्हणा. काकांचं काही — नको, काकांचं राहू द्या. मी? मी मध्ये बोलत नाही, हे बघा, तोंड बंद.

— ओ ताई, ती बाटली घेऊन मागे थांबा जरा. दिसतंय ना, मॅडम फोनवर आहेत. कुणाशी काय, माझ्या आईशी. श्श — विचारलं तिनं.